पाइपिंगच्या कामाचे तास कसे काढायचे: बडोद्यातल्या नव्या एस्टिमेटरसाठी

सहा इंची, शेड्यूल ४० चा (शेड्यूल म्हणजे पाइपच्या भिंतीच्या जाडीचा वर्ग) कार्बन स्टीलचा पाइप घ्या. बाहेरचा व्यास १६८.३ मिमी, भिंत ७.११ मिमी, घेर सुमारे ५२९ मिमी. आर्गनच्या वेल्डिंगने रूट, म्हणजे सर्वात आतला पहिला थर, मारताना हात मिनिटाला ६० मिमीच्या आसपास चालला तर नऊ मिनिटं लागतात. त्यावर ७०१८ जातीच्या वेल्डिंग रॉडचे तीन थर, प्रत्येकी पाच-सहा मिनिटांचे. आर्क पेटलेला असतो तो पंचवीस मिनिटं, फार तर अर्धा तास. हाच जोड चालू कारखान्यात पाच मीटर उंच रॅकवर (पाइप ठेवायच्या चौकटीवर) असेल, तर मी त्याला तेरा मॅन-अवर, म्हणजे सगळ्या माणसांचे मिळून तेरा तास, धरतो.

पंचवीस मिनिटांचे तेरा तास कसे होतात, हे ज्याला सांगता येतं त्याला एस्टिमेट करता येतं. नवीन मुलांना हे कुणी सांगत नाही. आपल्याकडे मुलगा डिप्लोमा करतो किंवा गोरव्याच्या आयटीआयमधून फिटर-वेल्डर होऊन बाहेर पडतो, एखाद्या पाइपिंग ठेकेदाराकडे लागतो, दोन-तीन वर्षं साइटवर काढतो. मग एक दिवस साहेब म्हणतात, ‘उद्यापासून एस्टिमेट तू बघ,’ आणि हातात एक जुनी एक्सेल शीट देतात. शीटमध्ये दर असतात. ते कुठून आले, कोणत्या गँगचे, कोणत्या वर्षीचे, शॉपचे (वर्कशॉपमधले) की फील्डचे (साइटवरचे), काही लिहिलेलं नसतं. मुलगा डाया, म्हणजे वेल्डिंगचं माप, भरतो, शीट तास देते, साहेब सही करतात.

काम मात्र आपल्या शहरात भरपूर आहे. कोयलीची रिफायनरी १९६५ साली सुरू झाली, तिच्या आसपास खत आणि पेट्रोकेमिकलचे कारखाने उभे राहिले. नंदेसरी, रणोली, मकरपुरा, सावलीकडचं मांजुसर, पादरा, कुठेही जा, रॅकवर पाइप दिसतातच. त्या कामांचे तास कसे काढायचे ते क्रमाने सांगतो. एक छोटं उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू: चालू रसायन कारखान्यात सहा इंची, शेड्यूल ४० ची, १२० मीटर लांबीची पाण्याची लाइन, जुन्याच रॅकवर.

आधी जोड मोजा, आणि ते स्वतः मोजा

टेंडरसोबत बहुतेक वेळा एक गोषवारा येतो: अमुक मीटर पाइप, तमुक एल्बो (वळणाचे तुकडे), इतके फ्लँज (बोल्टने आवळायच्या चकत्या), एकूण इतके इंच-डाया. तो बाजूला ठेवा. आयसोमेट्रिक ड्रॉइंग मागवा, लाइनीचं प्रत्येक वळण तिरक्या रेघांनी दाखवणारं, आपण ज्याला नुसतं आयसो म्हणतो ते. प्रिंट काढा, लाल पेन घ्या आणि लाइनीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक जोडावर ठिपका देत जा. संगणकावर मोजलं तर डोळा पुढे पळतो, कागदावर बोट ठेवलं की थांबतो.

नवीन माणूस सरळ पाइपातले जोड विसरतो. आयसोवर ३० मीटरची सरळ रेघ एकच दिसते, पण पाइप सहा मीटरचा येतो. त्या रेघेत चार जोड दडलेले असतात. बारा मीटरचे पाइप मिळणार असतील तर दोनच. तेव्हा पाइप कोण देणार आणि किती लांबीचा, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा.

मोजणी तपासायची एक युक्ती मला एका जुन्या मिस्त्रींनी शिकवली. वेल्ड होणारी टोकं मोजायची. पाइपच्या तुकड्याला दोन, एल्बोला दोन, रिड्यूसरला (व्यास बदलणाऱ्या तुकड्याला) दोन, टीला (तीन तोंडांच्या तुकड्याला) तीन, वेल्डनेक फ्लँजला एक. सगळ्यांची बेरीज करून दोनाने भागायचं, कारण प्रत्येक जोडात दोन टोकं भेटतात. आपल्या उदाहरणात पाइपचे कापलेले-न कापलेले मिळून २८ तुकडे आहेत, ८ एल्बो, १ टी आणि ५ फ्लँज. टोकं झाली ५६, १६, ३ आणि ५, एकूण ८०. म्हणजे ४० जोड. लाल ठिपके ३७ भरले असतील तर तीन ठिपके कुठे राहिले ते शोधायचं. बेरीज विषम आली तर एखादा तुकडा नक्की सुटलाय. आणि जिथे नवी लाइन जुन्या लाइनीला वेल्ड करून जोडायची असते तिथे जुन्या पाइपचं टोकही धरायचं.

इंच-डाया, आणि तो कुठे फसवतो

आपल्या धंद्यात वेल्डिंगचं माप म्हणजे इंच-डाया. सहा इंची एक जोड म्हणजे सहा डाया. आपले ४० जोड म्हणजे २४० डाया. ठेकेदार, सब-ठेकेदार, बिल, सगळं याच मापात चालतं, आणि माप म्हणून ते सोयीचं आहे.

पण डायाला भिंतीची जाडी दिसत नाही. सहा इंची पाइप शेड्यूल ४० मध्ये ७.११ मिमी जाडीचा, शेड्यूल ८० मध्ये १०.९७ चा आणि शेड्यूल १६० मध्ये १८.२६ चा असतो. तिन्ही जोड सहा-सहा डायाचेच. आता ३७.५ अंशांचा बेव्हल (कडेचा तिरका काप), दोन टोकांत ३ मिमीचा गॅप आणि १.६ मिमीचा रूट फेस (कडेचा न कापलेला सपाट भाग) धरून व्हीमध्ये भरायच्या धातूचा हिशोब करा. कॅपसकट (सर्वात वरच्या थरासकट) शेड्यूल ४० ला काटछेद साधारण ५८ चौरस मिमी येतो, शेड्यूल ८० ला ११९ आणि शेड्यूल १६० ला ३०० च्या आसपास. प्रमाण झालं एकास दोनास पाच. जाडी अडीचपट झाली की धातू पाचपट होतो, कारण व्ही खोल होताना रुंदही होत जाते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. सुरुवातीच्या काळात एका कारखान्याच्या कामाचे तास मी गोषवाऱ्यातल्या डायावरून काढून दिले. त्यातल्या जवळपास निम्म्या लाइनी जाड भिंतीच्या होत्या. लाइन लिस्टमध्ये ते स्पष्ट लिहिलेलं होतं, मी ती उघडली नव्हती. वेल्डर रोज पूर्ण पाळी राबत होते, तरी माझ्या शीटवर ते मागे पडलेले दिसत. साइटवरचा सुपरवायझर त्यांच्यावर ओरडत होता आणि चूक माझ्या टेबलावर होती. त्या लोकांनी रविवारी येऊन, रात्री थांबून ते काम पुरं केलं. तेव्हापासून डायाच्या शेजारी जाडीचा रकाना असल्याशिवाय मी शीट पुढे पाठवत नाही.

तर दुसरी पायरी ही: प्रत्येक लाइनीचा व्यास, शेड्यूल, धातू आणि जोडाचा प्रकार एका ओळीत लिहा, आणि जाडीनुसार दर वेगळे ठेवा. फिटअपचा (टोकं जुळवून बसवण्याचा) वेळ जाडीबरोबर थोडाच वाढतो, भरण्याचा वेळ खूप. म्हणून शेड्यूल १६० ला सरसकट पाचपट तास लावू नका. दर दोन भागांत तोडा, फिटअपचा वेगळा आणि भरण्याचा वेगळा, आणि पाचपट फक्त दुसऱ्या भागाला लावा.

स्टेनलेस असेल तर आतून आर्गनचं पर्जिंग (पाइपातली हवा हाकलणं) आलं, वेगळी ग्राइंडिंग चाकं आली, कार्बन स्टीलचा स्पर्श टाळायला वेगळी जागा आली. आमच्या वहीत तो दर कार्बन स्टीलच्या दीडपटीजवळ जातो. पी९१ सारखी अलॉय असेल तर गुणक लावूच नका. तिथे प्रीहीट (आधी तापवणं) आणि नंतरच्या स्ट्रेस रिलीव्हिंगचं (पुन्हा तापवून जोडातला ताण काढण्याचं) चक्र पाळीच्या पाळी खातं, आणि ते तास हीटिंग कॉइलवाल्यांशी बसून जोडागणिक काढावे लागतात.

बारीक पाइपचे जोड नगावर धरा

दोन इंचांखालची सॉकेट वेल्डची (पाइप फिटिंगच्या खोबणीत बसवून बाहेरून वेल्ड करायची) कामं डायावर धरली की नेहमी तोटा होतो. आपल्या लाइनीवर व्हेंट (हवा सोडायचे), ड्रेन (पाणी सोडायचे) आणि प्रेशर गेजचे मिळून आठ फाटे आहेत, पाऊण इंची. प्रत्येकात कपलिंग, निपल, व्हॉल्व्ह, पुढचा तुकडा मिळून चार जोड, म्हणजे एकूण ३२. डायात ते फक्त २४ होतात, मोठ्या लाइनीचा दहावा हिस्सा. जोडांची संख्या मात्र चाळिसाला बत्तीस! प्रत्येक ठिकाणी वेल्डरला चढायचं आहे, केबल ओढायची आहे, व्हॉल्व्ह उघडा ठेवायचाय म्हणजे सीट जळणार नाही, सॉकेटच्या तळाशी १.६ मिमी जागा सोडायची आहे. मी प्रत्येक जोडाला २.५ मॅन-अवर धरतो, म्हणजे ८० तास. डायाने धरले असते तर पन्नासच्या आसपास आले असते.

दर कशाचे आणि कोणाचे

मॅन-अवर म्हणजे एका माणसाचा एक तास, आणि माझे सगळे दर हजेरीच्या तासांवर आहेत. आठ तासांच्या पाळीत सकाळची टूलबॉक्स मीटिंग, चहा, ओव्हनमधून रॉड आणणं, ग्राइंडरचं चाक बदलणं, सगळं आलं. काही लोक दर फक्त प्रत्यक्ष कामाच्या तासांवर ठेवतात आणि बाकीचं वेगळं चढवतात. दोन्ही पद्धती चालतात, पण एकाचा दर आणि दुसऱ्याची टक्केवारी एकत्र केली की शीट बिघडते. जुनी शीट हातात आली की आधी हेच विचारून घ्या.

एका वेल्डरमागे आमची गँग साडेचार माणसांची असते: एक वेल्डर, एक फिटर, दोन हेल्पर आणि दोन वेल्डरांत मिळून एक ग्राइंडर. शेड्यूल ४० च्या कार्बन स्टीलवर अशी गँग फॅब्रिकेशन शॉपमध्ये दिवसाला २२ डायाच्या आसपास काढते, फील्डमध्ये १६ च्या. साडेचार माणसांचे ३६ तास भागिले २२ म्हणजे डायाला १.६ मॅन-अवर, आणि भागिले १६ म्हणजे २.२ च्या थोडे वर. मी १.६ आणि २.२ वापरतो. कापणं, बेव्हल, फिटअप, टॅक, वेल्ड, साफसफाई, सगळं यात धरलंय. हे आकडे आमच्या गँगचे आहेत. तुमच्या माणसांचे वेगळे येतील, आणि येऊ द्यावेत.

शॉप आणि फील्डमधल्या या फरकासाठीच जोडांची वाटणी करायची. शॉपमध्ये पाइप रोलरवर फिरतो, वेल्डर बसून वरच्या बाजूने भरतो. फील्डमध्ये पाइप स्थिर असतो आणि वेल्डर त्याच्याभोवती फिरतो, कधी आडवा पडून, कधी आरशात बघून. तेव्हा जितके जोड स्पूलमध्ये (आधीच जोडून तयार केलेल्या पाइपच्या तुकड्यात) बसवून जमिनीवर करता येतील तितके करा. पण स्पूल रॅकमधून आत शिरला पाहिजे, ट्रकवर मावला पाहिजे, चेन ब्लॉकने उचलता आला पाहिजे. सहा इंची पाइपचं वजन मीटरला २८.२६ किलो. बारा मीटरचा स्पूल एल्बोसकट साडेतीनशे किलोच्या आसपास जातो. कागदावर मोठे स्पूल आखून फील्डचे जोड कमी दाखवणं सोपं असतं, पण आत नेता न आलेला स्पूल पुन्हा कापावा लागतो आणि एका जोडाचे दोन होतात. आपल्या लाइनीत मी २२ जोड शॉपमध्ये धरले, १८ फील्डमध्ये.

वजनासाठी सूत्र पाठ करून ठेवा: बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करा, जाडीने गुणा, ०.०२४६६ ने गुणा. मिमीमध्ये माप घातलं की किलो प्रतिमीटर मिळतं. क्रेन लागणार की हायड्रा (छोटी फिरती क्रेन) की चेन ब्लॉक, हे त्यावरून ठरतं.

साइटवर जा

एवढी मोजणी टेबलावर झाली. पुढचं टेबलावर होत नाही. ड्रॉइंगची प्रिंट, टेप, टॉर्च आणि वही घेऊन कारखान्यात जा, आणि शक्यतो सकाळी आठच्या आधी गेटवर पोचा, कारण सर्वात महाग तास गेटवर जातात. माणसं किती वाजता आत सुटतात, पास कसा निघतो, सेफ्टी इंडक्शनला किती दिवस लागतात, पोलिस व्हेरिफिकेशन मागतात का, हे तिथे रांगेत उभ्या असलेल्या दुसऱ्या ठेकेदाराच्या माणसाला विचारलं तर खरं उत्तर मिळतं.

मग परमिट. चालू कारखान्यात ठिणगी उडणाऱ्या प्रत्येक कामाला हॉट वर्क परमिट लागतं. ते कोण देतो, किती सह्या लागतात, गॅस टेस्ट कोण करतो, जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा घ्यावं लागतं का? पाळी आठला सुरू होऊन परमिट साडेदहाला हातात पडत असेल, तर नऊ माणसांचे अडीच तास म्हणजे रोज साडेबावीस मॅन-अवर बसून जातात. ते तास वेल्डरच्या आळसात धरू नका. त्यांची वेगळी ओळ करा, म्हणजे ग्राहकाशी बोलता येतं. त्यांनी परमिट आदल्या संध्याकाळी तयार ठेवायचं कबूल केलं तर ती ओळ कमी करता येते. मी अनेक ठिकाणी असं बोलून तास वाचवलेत, आणि कारखान्याच्या लोकांनाही ते पटतं, कारण काम लवकर संपतं.

आता लाइनीच्या मार्गाने चाला. प्रत्येक फील्ड जोडाच्या ठिकाणी थांबा आणि बघा, वेल्डरचं डोकं आणि हात पाइपच्या चारी बाजूंनी जाईल का. शेजारच्या पाइपपासून एक वीत जागा नसेल तर तो जोड दुप्पट वेळाचा धरा, किंवा फील्ड जोडाची जागाच बदलून मागा. वरून केबल ट्रे गेलाय का, खाली चालू पंप आहे का, शेजारच्या लाइनीचं इन्शुलेशन उतरवावं लागेल का? फायर ब्लँकेट कुठे बांधायचं? मचाण कोण बांधणार? मचाण ग्राहकाचं असेल तर ते वेळेवर तयार नसल्याचे तास कोणाचे, तेही त्याच दिवशी विचारा. वीज कुठून मिळणार हे बघा. वेल्डिंग मशीन आणि जोड यांच्यात शंभर मीटर केबल असेल तर करंट पडतो आणि हेल्परचा अर्धा दिवस केबल ओढण्यात जातो.

एका फेरीत वहीची चार-पाच पानं भरतात. आपल्या उदाहरणाच्या कारखान्यात परमिटला रोज सुमारे दीड-दोन तास जातात असं गृहीत धरू, आणि त्यासाठी फील्डच्या तासांवर २५ टक्के चढवू. शॉपच्या तासांवर चढवायचे नाहीत, ही चूक खूप जण करतात.

वेल्डिंगशिवायची कामं

लाइन उभी करायला पाइप उचलावा लागतो, सरकवावा लागतो, ओळंब्यात आणावा लागतो. याचं माप इंच-मीटर. सहा इंच गुणिले १२० मीटर म्हणजे ७२० इंच-मीटर, आणि पाच मीटर उंचीच्या जुन्या रॅकवर मी दर इंच-मीटरला ०.२५ तास धरतो. झाले १८० तास.

सपोर्ट नवीन माणूस हमखास विसरतो, कारण आयसोवर ते एका लहान खुणेएवढे असतात. पाण्याने भरलेली सहा इंची लाइन साधारण पाच मीटरला टेकू मागते. १२० मीटरला २४ सपोर्ट. शू (पाइपखाली वेल्ड करायचा टेकू) कापायचा, वेल्ड करायचा, यू-क्लॅम्प लावायचा, प्रत्येकी तीन तास धरून ७२ तास. व्हॉल्व्हच्या दोन बाजू आणि तीन टोकं मिळून पाच फ्लँज जोड आवळायचे आहेत. १५० क्लासच्या सहा इंची फ्लँजला पाऊण इंची आठ बोल्ट असतात. प्रत्येकी दोन तास, झाले १० तास.

आणि हायड्रोटेस्ट, म्हणजे लाइनीत पाणी भरून दाबाची चाचणी. एएसएमई बी३१.३ या पाइपिंगच्या कोडप्रमाणे डिझाइन दाबाच्या दीडपट दाब देऊन किमान दहा मिनिटं धरायचा. या दहा मिनिटांसाठी पंचलिस्ट (राहिलेल्या कामांची यादी) संपवायची, ब्लाइंड (तोंड बंद करायच्या चकत्या) लावायचे, गेज कॅलिब्रेटेड आहेत का बघायचं, सव्वादोन हजार लिटर पाणी भरायचं, हवा काढायची, इन्स्पेक्टरची वाट बघायची, नंतर पाणी सोडायला परवानगी घ्यायची, लाइन वाळवायची, गॅस्केट बदलायचे. मी चार माणसं दोन दिवस धरतो, ६४ तास. लाइन वाफेची असती आणि दाब ३.५ किलो प्रति चौरस सेंमीच्या वर असता तर ती इंडियन बॉयलर रेग्युलेशन्समध्ये आली असती. मग बॉयलर निरीक्षकांची मंजुरी, त्यांची तपासणी, त्यांनी मान्य केलेले वेल्डर, सगळं वेळापत्रकात वेगळं घालावं लागतं.

बेरीज, आणि ती खरी आहे का

शॉपचे १३२ डाया गुणिले १.६ : २११ तास
फील्डचे १०८ डाया गुणिले २.२ : २३८ तास
बारीक जोड : ८० तास
उभारणी : १८० तास
सपोर्ट : ७२ तास
फ्लँज : १० तास
हायड्रोटेस्ट : ६४ तास

एकूण ८५५. त्यातले शॉपचे २११ सोडून बाकी ६४४ साइटवरचे, त्यांचे २५ टक्के म्हणजे १६१. सगळे मिळून १०१६ मॅन-अवर. दोन वेल्डर, दोन फिटर, एक ग्राइंडर आणि चार हेल्पर अशी नऊ जणांची गँग दिवसाला ७२ तास देते. भागाकार १४ च्या थोडा वर जातो, म्हणून १५ दिवस.

ही बेरीज आली की लगेच मेल करू नका. तिला दुसऱ्या बाजूने तपासा. फक्त वेल्डरांकडे बघा. शॉपचे १३२ डाया रोज २२ ने ६ दिवस. फील्डचे १०८ रोज १६ ने ७ दिवस. बारीक ३२ जोड रोज आठ धरून ४ दिवस. सपोर्ट ३ दिवस. असे २० वेल्डर-दिवस होतात, आणि साइटवरच्या १४ दिवसांना परमिटचे २५ टक्के जोडले तर २४ च्या आत राहतात. दोन वेल्डर १५ दिवस म्हणजे ३० उपलब्ध आहेत. पाइप चढेपर्यंत आणि टेस्टच्या दिवसांत वेल्डर थोडे रिकामे राहतात, त्यात हे सहा दिवस बसतात. हिशोब जुळला. इथे ४० वेल्डर-दिवस लागताना दिसले असते, तर बेरीज कितीही सुबक असली तरी कुठेतरी गडबड होती.

सुपरवायझर, सेफ्टीचा माणूस, स्टोअरकीपर, क्वालिटीचा इंजिनिअर यांना टक्केवारीत धरू नका. ते दिवसांवर धरा. काम रेंगाळलं तर त्यांचे तास वाढतात, डाया तेवढेच राहतात.

तपासणी आणि दुरुस्ती

बी३१.३ च्या नॉर्मल फ्लुइड सर्व्हिसला किमान पाच टक्के जोडांची रेडिओग्राफी (किरणांनी फोटो काढून आतली तपासणी) लागते, म्हणजे आपल्या ४० जोडांतले दोन. ग्राहक जास्त मागू शकतो, टेंडरची ती ओळ वाचा. एक जोड नापास झाला की त्याच वेल्डरचे आणखी दोन तपासायचे, त्यातला एक पडला की पुन्हा दोन. रेडिओग्राफी बहुधा रात्री होते, कारण इरिडियम-१९२ चा किरणोत्सर्गी सोर्स उघडताना भोवतालची जागा रिकामी करावी लागते. सकाळी निकाल, मग ग्राइंडरने खोदणं, पुन्हा भरणं, रात्री पुन्हा शूट. एका दुरुस्तीचे तास थोडे असतात, पण त्या जोडापाशी लाइन दोन दिवस अडते.

वेल्डरची परीक्षाही धरा. आधीचं सर्टिफिकेट असलं तरी बहुतेक ग्राहक आपल्या साइटवर ६जी पोझिशनमध्ये (पाइप ४५ अंशात तिरका, स्थिर) कुपन, म्हणजे चाचणीचा जोड, मारून घेतात. एएसएमई सेक्शन नाइन या वेल्डिंगच्या कोडप्रमाणे सहा महिने त्या प्रक्रियेने वेल्डिंग केलं नसेल तर पात्रता संपते. परीक्षा, कुपनची रेडिओग्राफी, निकाल यात दोन-तीन दिवस जातात. चार वेल्डर बोलावले तर एखादा पडेल असं धरून पाचवा तयार ठेवा.

बडोद्याचं कॅलेंडर

तारखा टाकताना भिंतीवरचं कॅलेंडर समोर ठेवा. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि दुपारी रॅकवरच्या पाइपला हात लावता येत नाही. त्या दिवसांत पहाटे सहाला पाळी सुरू करता येईल का, हे कारखान्याला आधी विचारा. माणसाला भर उन्हात वर चढवून काम होत नाही, आणि चढवूही नये. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत पाऊस. ओला जोड, ओलसर रॉड, उडून जाणारा आर्गन, प्रत्येक फील्ड जोडाला ताडपत्रीची खोली बांधावी लागते. ७०१८ चे रॉड उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे भाजून पोर्टेबल ओव्हनमध्येच वर न्यायचे. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला तेव्हा शहराचे कितीतरी भाग पाण्याखाली होते. अशा दिवशी गँग साइटवर पोचतच नाही. पावसाळ्यातल्या कामाला मी महिन्याला चार-पाच दिवस सोडतोच.

उत्तरायणाचे दोन दिवस काम होत नाही. नवरात्रात रात्रभर गरबा खेळून आलेला मुलगा सकाळी उंचीवर चढवायचा नाही, त्या नऊ दिवसांत वरची कामं उशिरा सुरू करा. वेल्डर आणि फिटर बरेचसे बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, ओडिशाकडचे असतात. दिवाळीला गेलेले छठनंतरच परततात, आणि त्यांना अडवून काही मिळत नाही. त्या काळात येणारी कामं आधी संपवा किंवा पुढे ढकला. एखाद्या मोठ्या कारखान्याचं शटडाऊन (दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवणं) लागलं की चांगले वेल्डर आठवडाभरात दिसेनासे होतात, तेव्हा तुमच्या तारखांना आजूबाजूला कोणाचं शटडाऊन आहे याची चौकशी करा.

शीटसोबत काय द्यायचं

तासांच्या शीटला एक पान जोडा आणि त्यावर तुम्ही काय धरलंय ते साध्या भाषेत लिहा. पाइप सहा मीटरचा, ग्राहकाकडून. शॉपचे जोड २२, फील्डचे १८. परमिट दहापर्यंत हातात. मचाण ग्राहकाचं. रंग आणि इन्शुलेशन यात नाही. जुन्या लाइनीला जोडताना ती रिकामी, धुतलेली आणि ब्लाइंड लावलेली मिळेल. उद्या पाइप तीन-चार मीटरच्या तुकड्यांत आला, तर तुम्ही या पानावर बोट ठेवून वाढीव तास मागू शकता. पान नसेल तर तो वाद होतो.

काम सुरू झालं की रोज संध्याकाळी पाच मिनिटं काढून वहीत लिहा: तारीख, किती माणसं आली, परमिट किती वाजता मिळालं, शॉपचे किती डाया झाले, फील्डचे किती, बारीक किती नग, काय अडलं. सुपरवायझरच्या रिपोर्टवरून उतरवू नका, मिस्त्रींना विचारून लिहा. पहिल्या कामाच्या शेवटी माझ्या १.६ आणि २.२ च्या जागी तुमचे स्वतःचे दोन आकडे येतील. ते शीटमध्ये घाला आणि शेजारी तारीख, लाइनीचं शेड्यूल आणि गँगच्या मिस्त्रींचं नाव लिहून ठेवा.